वायफाय कशाला?

दुकानाच्या काउंटरवर पत्त्याच्या पानाएवढे दोन सर्किट बोर्ड होते. नाना दोन्ही उलटेपालटे करून बघत होते.

“हा घेऊ या,” लेक म्हणाली. “एवढासाच आहे, पण पूर्ण कॉम्प्युटर आहे. डिस्क जोडली की तुमची सगळी गाणी टीव्हीवर.”

“याला वायफाय आहे?”

“आहे ना.”

“मग तो दुसरा घे, बिनवायफायचा. डिस्क घरात, टीव्ही घरात. याला बाहेर जायचंय कुठे?”

दुकानदार हसला. लेक हसली नाही. मागच्या खेपेला तिने हौसेने बांधलेलं घड्याळ नानांची झोप परस्पर तिला टोरांटोत कळवत होतं, हे त्यांना फार उशिरा समजलं होतं.

“मी गाणं लावलं की तुला तिकडे दिसणार. खरं ना?”

“हो,” ती बोर्डाकडे बघत म्हणाली. “तुम्ही बाथरूममध्ये पडलात, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, नाना.”

नानांनी वायफायवाला बोर्ड दुकानदारापुढे सरकवला.

“रोज सकाळी भैरव लावीन. पण ते दिसलं म्हणून फोन करायला टाळाटाळ केलीस, तर वायर उपटून टाकीन.”