पितळी बटणांचा कोट

लग्नात माणसाची ओळख पोशाखावरूनच होते, असं झिलूचं ठाम मत होतं. म्हणून ऐन थंडीत मेव्हण्याच्या लग्नाला निघताना त्यानं बेळगावहून आणलेला गोऱ्या पलटणीचा जुना खाकी लोकरी कोट चढवला.

"आवो, कांबळं पांघरा की," बायको केशर म्हणाली.

"सासुरवाडीला कांबळं? बघ तू, कोट दिसला की समदा मांडव उठून हुबा ऱ्हाईल."

सासुरवाडीच्या अणशी गावात मांडवाचे खांब आदल्याच दिवशी सरकारी रानातून चोरून तोडले होते. वळणावर खाकी दिसताच कुणीतरी ओरडलं, "गार्ड आला रे!" समदा मांडव खरंच उठून उभा राहिला, आणि रानात पळाला.

केशरनं हाका मारमारून एकेकाला परत आणलं. पण मुहूर्त टळला तेव्हा नवरदेव अजून झाडावरच होता.