पायरी लागेपर्यंत

“महिपत, कावड घे रे आता!” रंगूबाई मागून ओरडली, आणि हैबतीचे कान टवकारले.

महाड सोडल्यापासून तो याच नावाची वाट बघत चालला होता. एक काटक, सावळा गडी मुकाट्यानं पुढं झाला आणि त्यानं कावडीखाली खांदा दिला. हैबतीनं त्याला नीट बघून घेतलं. भर रस्त्यात फरारी पोराला नावानं हाक मारायची, म्हणजे म्हातारीच्या भोळेपणाची कमालच!

हैबती हवालदार होता. पण आज कपाळाला भस्म होतं, अंगात मळकी बंडी होती आणि पाय अनवाणी होते. “नाते गावचा हाय, लेकीच्या नवसाला चाललोय,” एवढं सांगितल्यावर माणसांनी त्याला कावडीच्या मेळ्यात घेतलं. वर भाकरीही वाढली.

मुंबईत संपाच्या दिवसांत एका गिरणीत मुकादमाचा खून झाला होता. आळ महिपतवर होता, आणि सापडला तर फाशी ठरलेली. त्याला ओळखणारं ठाण्यात कुणी नव्हतं, नुसतं नाव ठाऊक होतं. आणि एक खबर होती. त्याची आई रंगूबाई दर चैत्रात सव गावच्या गरम झऱ्याचं पाणी कावडीतून घाटावरच्या महादेवाला नेते, आणि यंदा पोरगा तिच्यासोबत आहे.

“मेळ्यात हात घालू नकोस, लोक फाडून खातील,” साहेबानं बजावलं होतं. “घाटाच्या शेवटच्या वळणावर बंदूकवाले ठेवतो. तिथंच धर. हद्दीचा दगड ओलांडला की सातारा जिल्हा आणि जावळीचं रान. मग बस बोंबलत.”

पोलादपूर मागं पडलं तसं ऊन तापलं. पांगारा लालभडक फुलला होता, पण बघायला सवड कुणाला? चढावर कुणीतरी हाक मारली, “गो पांडू, पाणी दे जरा!” आणि एक लठ्ठशी बाई तांब्या घेऊन धावली.

हैबती फसकन हसला. “बाईचं नाव पांडू?”

“पांडू माझा लेक,” बाई म्हणाली. “हिवतापानं पडलाय, म्हणून त्याचा नवस मी चालतेय. ज्याचा नवस त्याचंच नाव घ्यायचं. देवाची पायरी लागेपर्यंत आपलं नाव तोंडातून काढायचं नाय. काढलं की नवस मोडला! तुमच्या गावाला नाय ही रीत?”

हैबतीला दरदरून घाम फुटला. “हाय की! थट्टा केली जरा.”

“पांडू, तोंड आवर नि पाय उचल!” रंगूबाई कडाडली. बाई चटकन पुढं सरकली. आपलं सोंग उघडं पडता पडता राहिलं, म्हणून हैबतीनं मनातल्या मनात महादेवाला हात जोडले.

दुपारी झाडाखाली टेकल्यावर त्यानं तळवे बघितले. इतकी वर्षं बुटात राहिलेले पाय फोडांनी भरले होते. शेजारी गोमाजी नावाचा गडी बसला होता. त्याच्याही तळव्यांची तीच गत.

“सवय सुटली, दादा,” गोमाजी कसनुसा हसला. त्यानं आपल्या धोतराची पट्टी फाडली आणि आधी हैबतीचे पाय बांधले. मग त्याला खोकल्याची उबळ आली. रंगूबाई लगबगीनं आली, त्याची पाठ चोळत राहिली आणि आपल्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवून गेली. परक्याच्या पोरावर केवढी माया, हैबतीला वाटलं.

पलीकडं महिपत एकटाच बसला होता. टाचांना ह्या मोठाल्या भेगा, पण फोड औषधालाही नाही. मुंबईचं पाणी पिऊनही बेट्याचे पाय गावचेच राहिले होते.

“लेकीला काय होतंय?” गोमाजीनं विचारलं.

“डोळ्यांनी दिसत नाय,” हैबतीनं ठोकून दिलं.

“बरी होईल. मी पण महादेवाला सांगेन.”

हैबतीला स्वतःचीच लाज वाटली. पण बढतीची फीत मिळायची होती, आणि वळण आता जवळ आलं होतं.

वळणावर शिपाई झाडीतून पुढं झाले. हैबतीनं झडप घालून महिपतचं मनगट धरलं. “पोलीस! हलू नकोस!”

“माझ्या महिपतला सोड रे!” रंगूबाईनं त्याच्या पायांवर लोळण घेतली. “माझी भाकरी खाल्लीस, मुडद्या!” मेळा खवळला. बंदुका वर झाल्या तसा जागीच थबकला.

महिपतनं अंगाला झटकासुद्धा दिला नाही. “कावड भुईला लागू देऊ नका,” एवढंच तो म्हणाला.

गोमाजी पांढराफटक पडला होता. “हवालदार, ऐका माझं,” तो पुढं आला. “ह्याचा काय गुन्हा नाय. मी...”

“गोमाजी!” रंगूबाई ताडकन उठली. “कावड उचल! देवाचं पाणी सांडंल!”

गोमाजी हलेना. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हैबतीला त्याची कीव आली. दोस्तासाठी जीव तुटतोय बिचाऱ्याचा! त्यानं स्वतः महिपतच्या खांद्यावरची कावड उचलून गोमाजीच्या खांद्यावर दिली आणि त्याला पाठीवर हात ठेवून हद्दीच्या दगडापलीकडं लोटलं.

“जा बाबा. म्हातारीला सांभाळ.”

मेळा गेला. कावडीची घुंगरं रानात लांब लांब वाजत राहिली. हैबतीनं बेड्या ठोकल्या आणि घाम पुसला.

“चल, नाव बोल. साहेबापुढं असंच खणखणीत बोलायचंय.”

मान वळवून कैदी घुंगरं ऐकत होता. ती ऐकू येईनाशी झाली तेव्हा सगळ्या वाटेत तो पहिल्यांदा हसला.

“गोमाजी,” तो म्हणाला.