तक्रार निकाली

कुमुदिनीताई आणि त्यांचा नाशिकचा मुलगा, दोघंही जन्मापासून बहिरे. रोज संध्याकाळी ते व्हिडिओ कॉलवर हातांच्या खुणांनी पोटभर बोलत. हल्ली महिनाभर मात्र पडद्यावर मुलाचे हात मध्येच थिजायचे आणि वाक्य अर्धंच राहायचं.

तिसऱ्या तक्रारीनंतर एकदाचा नेट कंपनीचा माणूस उगवला. आल्या आल्या त्याने टीव्हीवर नेटवरचा सिनेमा लावला. घोडे चौखूर उधळले, कुठे म्हणून अडकले नाहीत. त्याने खुशीत अंगठा दाखवला.

ताईंनी वहीत खरडलं, 'मग माझाच मुलगा का अडकतो?'

तो ओशाळला. त्याने खाली लिहिलं, 'सिनेमावाल्यांशी कंपनीचा करार आहे. त्यांना आधी वाट द्यावी लागते.'

'आणि मी कोण?'

पान उलटून त्याने ताईंना मुलाला कॉल लावायला सांगितलं. हात पुन्हा हवेतच थिजले. मग त्याने फोन कानाशी धरला, त्याचा चेहरा उजळला, आणि त्याने झोकात लिहिलं, 'तिकडच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येतेय!'

तो जिना उतरलाही नसेल, तोच ताईंच्या फोनवर मेसेज आला: 'आवाज स्पष्ट ऐकू येत असल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'