उंच भूत

"अरे, निदान दोन दात तरी ठेव त्याला!" लोर्ना म्हणाली.

हार्लनने सुरी थांबवली. भोपळ्याचं तोंड कोरता कोरता खालचा सगळा जबडाच त्याने साफ केला होता. आज त्याचं लक्षच नव्हतं.

"म्हातारं भूत आहे," तो म्हणाला. "तुझ्यामाझ्यासारखं."

"माझे सगळे जागेवर आहेत. तुझं तू बघ."

भोपळ्याच्या बिया मीठ लावून ओव्हनमध्ये भाजायला टाकल्या होत्या, त्यांचा खमंग वास घरभर सुटला होता. हार्लनने भोपळ्यात मेणबत्ती लावून तो पायरीवर नेऊन ठेवला. आज हॅलोविन. आता अंधारू लागलं की भुताखेतांची सोंगं घेतलेली पोरं दारोदार खाऊ मागत सुटणार.

पाच वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक ट्रूडी लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवरून मागे फिरली आणि आपल्या मनातल्या मुलाबरोबर निघून गेली. त्या संध्याकाळी लोर्नाने बायबलवर हात ठेवला. "देवा, या मुलीचं तोंड मी पुन्हा पाहणार नाही." आणि लोर्नाची शपथ म्हणजे शपथ. तरुणपणी एका उपवासात तिने साखर सोडली होती, ती आजतागायत जिभेला लावली नव्हती.

मग बापलेकीने आपली वाट काढली. हॅलोविनला दारात आलेल्याचं नाव कुणी विचारत नाही. दर वर्षी एक उंच भूत नखशिखांत पांढरी चादर ओढून यायचं. हार्लन त्याच्या पिशवीत चॉकलेटं टाकायचा आणि भूत त्याच्या खांद्यावरून, आत विणत बसलेल्या आईला डोळे भरून बघून घ्यायचं. लोर्नाला कळलं तर एवढंही बंद होईल, ही धास्ती हार्लनला चारही वर्षं होती. यंदा तर ट्रूडी सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती.

"यंदा खाऊ मी वाटते," लोर्ना म्हणाली.

हार्लनने उठून खाऊची टोपली आपल्याकडे ओढली. "कशाला? दाराशी गारठा किती आहे!"

"गारठा मला, आणि गुडघा कुणाचा दुखतोय? परवा या खुर्चीतून तुला उठवायला शेजारच्याला हाक मारावी लागली. बस गप्प."

तो बसला. बेल वाजत राहिली. समुद्री चाचे आले, तीन चेटकिणी आल्या, एक गाजर आलं.

"खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू!"

"काढा की! गेल्या वर्षीची अजून धुतेय मी," म्हणत लोर्ना हसत हसत मुठी भरून देत होती. एरवी हार्लनला याहून मोठं सुख नव्हतं. आज तो मनातल्या मनात देवाचा धावा करत होता.

गल्ली जरा शांत झाली. पुन्हा बेल वाजली.

दारात पांढरी चादर उभी होती. कडेवर नारिंगी टोपीतलं बाळ. समोर आईला बघून भूत जागच्या जागी थिजलं.

"लोर्ना, थांब, मी देतो!" हार्लन धडपडत उठू लागला. गुडघ्याने दगा दिला.

भुताचा हात चादरीकडे गेला.

"काढू नकोस," लोर्ना हळूच म्हणाली. "चार वर्षं काढली नाहीस, तशीच राहू दे. शपथ तुझ्या तोंडाची आहे, ट्रूडी."

तिने खाऊची टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.

"याच्या तोंडाची नाही. आण इकडे."