गार पडलेली बोटं

छिन्नी तिसऱ्यांदा हातातून निसटली, तेव्हा लेकीने बाबांचं एक ऐकलं नाही. तशीच धुळीच्या कपड्यांत त्यांना दवाखान्यात घेऊन आली. चाळीस वर्षं दगडावर लोकांची नावं कोरणारा माणूस, आणि आता बोटं कशी, तर पांढरीफटक आणि गारठलेली!

डॉक्टरीणबाईंनी मनगट चाचपलं. नाडी जेमतेम लागत होती.

"अर्धशिशीची गोळी किती घेता?"

"एकही नाही," बाबा ताठ बसून म्हणाले. "तुमची चिठ्ठी मी हिच्यासमोर चुरगाळली. डोकं काय, सगळ्यांचंच दुखतं. नाटकं कशाला?"

हेच ते आईलाही ऐकवायचे. ती बिचारी खिडक्या लावून, डोक्याला फडकं आवळून दिवस दिवस पडून राहायची. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

ती चुरगाळलेली चिठ्ठी लेकीनेच केरातून उचलली होती. बाबा डोकं धरून बसले की ती गोळी कुटून चहात घालायची. चहा कडू लागतो म्हणून ते कुरकुरायचे, ही मुकाट्याने आणखी साखर टाकायची.

"पण मी चहातून आठवड्यात दोनच दिल्या हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "लिहिलं होतं तेवढ्याच!"

"तेवढ्याने असं होत नाही. ही गोळी डोक्यातल्या रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून ठणका थांबतो. जास्त झाली की हातापायांच्याही आकसतात." डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे रोखून पाहिलं. "आज आलात म्हणून बोटं वाचतील. बाकीच्या गोळ्या कुठून आल्या?"

बाबांची मान खाली गेली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून अर्धी संपलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. अक्षरं कोरणारा माणूस तो. चिठ्ठी चुरगाळण्याआधी औषधाचं नाव एकदा वाचलं, ते पाठ झालं होतं.

"बाबा, अहो, चोरून कशाला? मी काय नको म्हटलं असतं?"

बाबांनी आपली पांढरी बोटं सदऱ्याच्या टोकाखाली झाकली.

"तुझ्यासमोर घेतली असती, तर तुझी आई नाटकं करत नव्हती, हे तुझ्यासमोरच कबूल करावं लागलं असतं गं."