संध्याकाळची दाढी

एकोणीसशे ब्याऐंशी सालची गोष्ट. अँब्युलन्स चालवणारा तिचा नवरा सकाळी दाढी करून जायचा आणि एखाद्या संध्याकाळी पुन्हा गुळगुळीत होऊन यायचा. “दोनदा दाढी करणारा पुरुष घरच्या बायकोसाठी करत नाही, बाई,” थोरली जाऊ तिला म्हणाली. एका संध्याकाळी ती दवाखान्यापासून नवऱ्याच्या पाठोपाठ गेली. तो सलूनमध्ये शिरला. दारातून तिने पाहिलं, तर खुर्चीत तो, तोंडावर गरम टॉवेल, आणि खांदे गदगदताहेत. रेडिओ मोठा करून सलूनवाला बाहेर आला. “वहिनी, गाडीत कुणी दगावलं की येतात ते. घरी रडायचं नाही म्हणतात. दाढी नुसतं निमित्त.” ती आल्या पावली परतली. थोरल्या जावेचा संशय मात्र मरेपर्यंत गेला नाही. पुढे सलूनवाला वारला, त्या दिवशी म्हातारा झालेला तिचा नवरा घरातच, नातवंडांदेखत, उघड्या चेहऱ्याने रडला.