‘जान्हवीने विचारलं’

वाटांची नावं नीट ठेवा, यावरून मी आमच्या अंधेरीच्या ऑफिसात भांडणं केली आहेत. आम्ही मोबाइलवरच्या अशा गोष्टी लिहितो, ज्यांत पुढे काय करायचं ते वाचक ठरवतो. त्याने जे केलं तेच वाटेचं नाव: ‘दार उघडलं’, ‘दार उघडलं नाही’. ज्या वाटेवर गोष्ट संपते, तिच्या नावाआधी ‘बंद’ लिहायचं. हा नियम माझाच.

आज जेवून आले, तर स्क्रीनवर गोष्टीच्या नकाशात दोन नव्या वाटा होत्या. ‘जान्हवीने विचारलं’ आणि ‘जान्हवीने विचारलं नाही’.

जान्हवी म्हणजे मी. असला टाइमपास निमेशच करणार. तो माझ्या पाठीमागेच बसतो.

“निमेश, हे तू केलंस ना?”

“मी? माझा लॅपटॉप सकाळपासून दुरुस्तीला गेलाय गं.”

त्याचं टेबल खरंच रिकामं होतं. तरी मला पटलं नाही. पुन्हा स्क्रीनकडे वळून मी ‘जान्हवीने विचारलं’ उघडली.

आत माझा प्रश्न होता. निमेशचं उत्तरही होतं, शब्दाला शब्द. त्याखाली आणखी एक ओळ होती: ‘काय झालं गं? निमेशने विचारलं.’

“काय झालं गं?” पाठीमागून निमेशने विचारलं.

मी मान वळवली नाही. त्या ओळीखाली पुन्हा दोन वाटा फुटल्या होत्या. ‘जान्हवीने सांगितलं’ आणि ‘जान्हवीने सांगितलं नाही’.

दोन्ही नावांआधी ‘बंद’ लिहिलेलं होतं.